मदत हवी आहे: दुपारी दुसऱ्या रनला गाडी बसते

कोरडवाहू
नमस्कार. डायरेक्ट मुद्द्यावर येतो. गाडी सकाळी फर्स्ट क्लास सुटते. दुपारी पहिला रन ठीक जातो. दुसऱ्या रनला क्लच सोडला की भर्रर्र करून बसते, कार्ब्युरेटरमधून दोन फटाके, मग दुसऱ्या गिअरच्या पुढं जीव येते. ठिणगीचे पॉइंट नवीन, प्लग नवीन, कार्ब तीनदा खोलून धुतला. गावातला मिस्त्री म्हणते मेन जेट (कार्बमधलं पेट्रोलचं छिद्र) मोठा टाक, वरुडचा म्हणते लहान टाक. रविवारी मित्राच्या गाडीसंगं रेस लावायची आहे. जेट कोणता टाकू तेवढं सांगा. लवकर.

दोनस्ट्रोक
राजदूत 350 ना? एचटी (हाय टॉर्क) की एलटी (लो टॉर्क)? एचटी असेल तर साडेतीस बीएचपीची, एलटी सत्तावीसची, दोघींचं सेटिंग वेगळं. आणि नवीन पॉइंट म्हणजे किती जोड्या? त्यात दोन असतात, दोन्ही सिलिंडरचं टायमिंग स्वतंत्र लावावं लागतं. बहुतेक मिस्त्री एक लावतात आणि दुसरं देवावर सोडतात. माझ्याकडं 86ची आहे, आजही कोणत्याही नव्या 350ला...

कोरडवाहू
भाऊ, बाईक नाही. गाडी. चार चाकाची.

दोनस्ट्रोक
मग तसं लिहा ना. आपल्याकडं गाडी म्हटली की बाईकच. चारचाकीले लोक फोरव्हीलर म्हणते.

टॅपेट_पुणे
कोणती चारचाकी, कोणतं साल, कोणता कार्ब, इंजिनात काय काय केलंय, पेट्रोलचा पंप कोणता? एवढं कळल्याशिवाय जेटचा नंबर सांगणारा माणूस ज्योतिषी समजावा.

कोरडवाहू
फिएट. 78ची. आजोबांची, संत्र्याच्या धंद्यात होती. मागची सीट, बंपर, दाराचे पत्रे काढले. इंजिनाचं हेड एक एमएम घासलं. बाकी सगळं कंपनीचं. आता सांगा जेट.

टॅपेट_पुणे
78ची म्हणजे प्रीमियर पद्मिनी. 74 पासून तेच नाव आहे.

कोरडवाहू
आमच्या घरी फिएटच म्हणते.

सरकारी_बाबू
एक महत्त्वाची गोष्ट कोणी सांगत नाही. 2021च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात व्हीए अक्षरं येतात, नोंदणीची फी 20 हजार, मुदत 10 वर्षं. पण चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. तुम्ही हेड घासून, सीट काढून बसलात. आताच मूळ पार्ट जपून ठेवा.

कोरडवाहू
साहेब मी नंबर प्लेट विचारून राह्यलो का?

तर्रीपोहे
जेटबिट मला कळत नाही, पण हे लक्षण ओळखीचं आहे. आमच्या बाबांकडं हीच गाडी होती. मे महिन्यात नागपूरहून अमरावतीला निघालो की कोंढाळीच्या पुढं ती हमखास उसासे टाकायची. बाबा शिव्या न देता उतरायचे, बॉनेट उघडून स्वतःचा रुमाल सुराईतल्या पाण्यात बुडवून पंपावर गुंडाळायचे. चर्र आवाज व्हायचा. आई तेवढ्यात आम्हाला संत्री सोलून द्यायची. दहा मिनिटांनी गाडी चालू. पुढं पुढं तर बाबा घरातूनच पंपाला ओलं फडकं बांधून निघायचे. तुमचंही तेच असेल.

टॅपेट_पुणे
ताईंचं बरोबर आहे, म्हणजे आधी पेट्रोल बघा. पद्मिनीचा पंप इंजिनाला चिकटलेला, कॅमवर चालतो. टाकी मागं, पंप पुढं, म्हणजे तो सगळं पेट्रोल ओढून आणतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं. नळीत वाफ धरली की पंप वाफच ओढत बसतो. त्यात सुटताना गाडी पुढं झेपावते आणि नळीतलं पेट्रोल मागं राहू पाहतं. म्हणून ऐन लाँचला कमी पडतं. तरी खात्री करून घ्या. गाडी बसल्याबसल्या बंद करा, कार्ब उघडून थ्रॉटल एकदा दाबा. पेट्रोलची धार सुटली तर फ्लोटमध्ये, म्हणजे कार्बच्या वाटीत, पेट्रोल आहे, मग ठिणगीची कॉइल नाही तर कंडेन्सर गरम होऊन मार खातोय. धार नसेल तर पेट्रोलच पोचत नाही.

दोनस्ट्रोक
किंवा कार्बमधल्या ॲक्सिलरेटर पंपचा डायफ्राम फाटला असेल. तेव्हाही धार येत नाही.

टॅपेट_पुणे
फाटला असता तर सकाळीही सुटली नसती. धागा नीट वाचा.

हवामान_केंद्र
जेटच्या भांडणात दोन्ही मिस्त्री अर्धे बरोबर आहेत. 15 अंशांच्या थंडीत लावलेली गाडी 45 अंशांत आणली की हवा जवळपास नऊ-दहा टक्के विरळ होते. पेट्रोल तेवढंच, हवा कमी, मिश्रण जाड. म्हणजे जेट लहान हवा. पण आता पेट्रोल पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, साध्या पेट्रोलला 14.7 पट तर त्याला 9 पट. म्हणून त्याच जेटवर मिश्रण पातळ होतं, जेट मोठा हवा. दोन्ही वजाबाकी केली तर तुमचा कंपनीचा जेट आहे तिथंच बरा. जेटला हात लावू नका.

कोरडवाहू
पहिल्यांदा कोणीतरी जेटवर बोललं. धन्यवाद. पण मग करू काय?

भंगार_सम्राट
सोपं. भंगारातून अल्टोच्या टाकीतला पंप आणा, मागं टाकीजवळ बसवा, वायर जोडा. ढकलत आणते, ओढत नाही. मी माझ्या जिप्सीला केलं, हजार रुपयांत काम.

टॅपेट_पुणे
असलं काही करू नका!! इंजेक्शनच्या गाडीचा पंप तीन बारच्या आसपास दाब देतो, म्हणजे चाळीसच्या वर पीएसआय. कार्बला अडीच-तीन पीएसआय पुरतो. फ्लोटची सुई तो दाब रोखूच शकत नाही, बाउल भरून पेट्रोल गरम इंजिनावर सांडेल आणि रविवारी रेस नव्हे, होळी होईल. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप ही कल्पना बरोबर, ड्रॅग रेसवाले तेच करतात. पण कार्बवाल्या गाडीसाठी मिळतो तो कमी दाबाचा पंप घ्या.

भंगार_सम्राट
माझी जिप्सी दोन वर्षांपासून चालते. थेअरीवाल्यांना सगळं जळतानाच दिसतं.

टॅपेट_पुणे
तुमच्या जिप्सीत दाब कमी करणारा रेग्युलेटर आणि जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन असेल. ह्यांच्या गाडीत ते आहे का, हे विचारलं होतं का तुम्ही?

पटाचा_धुरकरी
तुमचं सगळं वाचून मले आमचा शंकरपट, बैलजोडीची शर्यत, आठवला. जोडी दाणीवर सोडली की पयल्या दहा पावलांत समजते. बैल उन्हात उभा राह्यला की त्याचाही पंप बसते 😄. तळेगाव दशासरले आम्ही जोडी सावलीत ठेवतो, अंगावर ओलं गोणपाट टाकतो, नंबर आला की मगच दाणीवर नेतो. तुमी गाडी कायले उन्हात उभी करता?

दोनस्ट्रोक
पट पुन्हा सुरू झाला ते बरं झालं. 2014 पासून बंद होता, 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं परवानगी कायम केली. पण बैलाले त्रास...

पटाचा_धुरकरी
आमच्या बैलाले आमच्यापेक्षा जास्त खायले भेटते. दुसरा धागा काढा, मग बोलू.

शहाणा_शेजारी
बाकी राहू द्या, पळवता कुठं? हायवेवर असेल तर मदत करणाऱ्यांनीही विचार करावा.

कोरडवाहू
गावाबाहेर लेआउट पडला आहे, प्लॉट विकलेच गेले नाही. सिमेंट रोड सहाशे मीटर, सरळ. कुत्रंही फिरकत नाही तिथं.

शहाणा_शेजारी
सहाशेतले 402, म्हणजे ड्रॅग रेसचा पाव मैल, पळण्यात गेले, थांबायला दोनशे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. एकदा गरम झाले की पायाखाली दगड लागतो, गाडी थांबत नाही. 201 मीटरच पळवा, म्हणजे चारशे मीटर उरतात. आग विझवायचं सिलिंडर सोबत ठेवा. आणि खरीच हौस असेल तर एफएमएससीआयचं (देशातल्या मोटर शर्यतींची संघटना) लायसन्स काढून रीतसर इव्हेंटला उतरा.

कोरडवाहू
पहिले गाडी तर सुटू द्या.

तर्रीपोहे
फडकं बांधून पाहिलं का?

कोरडवाहू
(दोन दिवसांनी) पाहिलं. पहिले त्या पुण्याच्या भाऊंची टेस्ट केली. गाडी बसली, लगेच बंद केली, थ्रॉटल दाबला, धार नाही. मग गोठ्यात नेऊन खाली झोपलो. लोखंडी नळी संपते तिथून पंपापर्यंत वितभर रबरी पाइप आहे. मागच्या साली मीच टाकला होता, पाण्याच्या मोटरीचा. हातात घेतला तर आतून लिबलिबीत, काळा हात झाला. तोंडानं ओढून पाहिला तर दोन्ही भिंती चिकटून गेल्या. गरम झाला की पंपाच्या ओढीनं मिटत असंल. इथेनॉलनं खाल्ला म्हणतो वरुडवाला. पेट्रोलचा खरा पाइप टाकला, क्लिपा नवीन, पंपावर आजीच्या लुगड्याचं ओलं फडकं. आई म्हणाली गोठ्यात झोपायचंच होतं तर म्हशी ठेवल्या असत्या. दुपारी दीड वाजता, 44 होतं, लागोपाठ दोन रन. एकदाही बसली नाही.

टॅपेट_पुणे
पाण्याच्या मोटरीचा पाइप!! हे पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर.

कोरडवाहू
"बाकी सगळं कंपनीचं" लिहिलं तेव्हा लक्षातच नव्हतं. आता तिसऱ्या रनला वेगळंच. रेस वाढते, आवाज वाढते, गाडी जाग्यावरच. जळका वास येते. क्लचच ना? रविवार परवावर आहे.

दोनस्ट्रोक
क्लचप्लेट कधी टाकली होती?

कोरडवाहू
आजोबांनी टाकली असेल.