उन्हाळा आला म्हणून पर्शियन मांजराला भादरायचं का?

गिरगावकर
एप्रिल उजाडला की ग्रूमरकडे, म्हणजे पाळीव प्राण्यांचे केस कापणाऱ्याकडे, एकच मागणी सुरू होते: "बिचारीला उकडतंय, सगळे केस काढून टाका." डोकं, पंजे आणि शेपटीचा गोंडा ठेवून बाकी अंगावर झिरो मशीन फिरवतात आणि त्याला लायन कट म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे की निव्वळ उकाड्यासाठी मांजर भादरू नये.

आपल्याला पंख्याखाली बरं वाटतं ते अंगावरचा घाम सुकतो म्हणून. मांजराला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना. बाकी अंग ती चाटून ओलं करते आणि ती लाळ सुकताना गारवा मिळतो. तेव्हा केस काढले की तिला आपल्यासारखं हायसं वाटेल, हे आपण आपल्यावरून ठरवतो. मोकळ्या, न गुंतलेल्या केसांतून हवा खेळते आणि खिडकीच्या ग्रिलमधलं ऊन थेट कातडीवर पडत नाही. पांढऱ्या मांजरांना तर उन्हामुळे कानांच्या कडांना आणि नाकाला कॅन्सर होऊ शकतो, कारण तिथे केस मुळातच विरळ असतात. तसं उघडं अंग आपण मुद्दाम का करायचं?

त्यापेक्षा रोज विंचरा. रुंद दातांचा स्टीलचा कंगवा घ्या. केस मुळाशी दोन बोटांत धरा आणि टोकाकडून सोडवत मुळाकडे या, म्हणजे कातडी ओढली जात नाही. कानामागे, काखेत, पोटाखाली आणि मागच्या पायांच्या मध्ये आधी बघा, गुंता तिथेच होतो.

चेंबूरची_माऊ
रोज विंचरा हे लिहायला ठीक आहे. सकाळी सातची लोकल पकडणारी बाई रात्री नऊला घरी येते, स्वयंपाक करते आणि मग चावऱ्या बोक्याचं पोट विंचरते? मला दिवसाआड जमतं, तेही पाठीपुरतं. जुलैत घरात कपडे वाळत नाहीत, तिथे त्याच्या पोटाखालचे केस काय वाळणार! जटा बसल्या की खालची कातडी ओली राहते, लाल होते, वास येतो. आमच्याकडे त्यातून गजकर्ण झालं आणि ते आईच्या हातावरही आलं. तेव्हापासून पावसाळ्याआधी मी त्याचे केस काढते आणि पुढेही काढणार. मोकळं अंग निदान दिसतं तरी. डाग उठला तर त्याच दिवशी कळतो.

गिरगावकर
ताई, जटा झाल्या असतील तर केस काढायलाच हवेत, त्यावर माझा वाद नाही. तो उपचार झाला. पण गजकर्णाचं कारण लांब केस नव्हेत, ती बुरशी आहे. आखूड केसांच्या मांजरांनाही ती होते. तिचे कण गळलेल्या केसांवर, गादीवर, कंगव्यावर महिनोन्महिने टिकतात, आणि नीट साफ न केलेलं मशीन एका मांजराकडून दुसऱ्याकडे तेच पोचवतं. मशीनने कातडीला बारीक ओरखडे पडले की बुरशीला शिरायला वाट मिळते. औषध पूर्ण न करता नुसतं भादरणं पुरत नाही.

आणि घरी जटा कात्रीने कापू नका, ही सगळ्यांना विनंती. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, जटेबरोबर वर ओढली जाते आणि कात्रीत सापडते.

दिंडोशीकर
दोघांचंही ऐकलं. माझा प्रश्न आधीचा आहे: दमट मुंबईत चपट्या नाकाची, लांब केसांची मांजरं आणायचीच कशाला? तिला धड श्वास घेता येत नाही, डोळे सतत गळतात, आणि आपण केसांवर भांडतोय. गल्लीतली इंडी, म्हणजे आपली देशी मांजर, स्वतःचं अंग स्वतः साफ ठेवते. दत्तक घ्या.

चेंबूरची_माऊ
पुढचं मांजर इंडीच घेईन, पण घरात जो आहे त्याचं काय करू? माझा बोका कुणीतरी कंटाळून सोडून दिलेलाच आहे.

मुलुंड_पूर्व
केस काढले की पिसवाही पटकन दिसतात, हा फायदा कुणी सांगितला नाही. आमच्याकडे कुत्र्याचं मानेवर टाकायचं औषध आहे, त्यातलंच थोडं मांजरीला लावायचा विचार आहे.

गिरगावकर
लावू नका! कुत्र्यांच्या अशा पुष्कळ औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराच्या यकृताला ते निकामी करता येत नाही; थरथर, झटके येतात, जीव जातो. चुकून लागलंच असेल तर थांबू नका, व्हेटकडे (जनावरांच्या डॉक्टरकडे) न्या. परळला जनावरांचं मोठं, जुनं रुग्णालय आहे. मांजर ज्या फरशीवर लोळते तिथे फिनाईलही नको, पाय चाटताना ते पोटात जातं. पिसवांसाठी मांजराचंच औषध, वजन सांगून घ्या.

दिंडोशीकर
भादरणाऱ्यांना एकच विचारतो: शांत राहावं म्हणून तिला काही टोचतात का, हे तुम्ही विचारता का? गुंगीचं औषध फक्त व्हेटने, तपासून द्यायचं. चपट्या नाकाच्या जातींना त्यात धोका जास्त.

चेंबूरची_माऊ
माझा ग्रूमर काही देत नाही, मी समोर बसून असते. यंदा पाठीवर बोटभर केस ठेवायला सांगेन, कारण उन्हाचा मुद्दा पटला. पोट, काखा आणि शेपटीखालचा भाग मात्र पूर्ण काढणार. ज्याला रोज विंचरायला जमतं त्याने केस राखावेत. ज्याला जमत नाही त्याच्या मांजराने जटांमध्ये राहावं, हे मला अजूनही मान्य नाही.

गिरगावकर
पोट आणि शेपटीखालचं मलाही चालेल. पाठीचा आग्रह माझा कायम आहे. आणि उकाड्याचीच काळजी असेल तर हे बघा: मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर तिला लगेच गार खोलीत न्या आणि व्हेटला फोन करा. त्या वेळी केस लांब आहेत की आखूड, हा प्रश्नच राहत नाही.