बहामाज: डुकरांबरोबर पोहायला जावं का? (सोबत ७ वर्षांची लेक आणि सासूबाई)

मीठभाकर:
डिसेंबरच्या सुट्टीत न्यू जर्सीहून नासाऊला जातोय, पाच दिवस. लेकीने कुठेतरी व्हिडिओ बघितला आणि तेव्हापासून घरात एकच घोषा, पोहणारी डुकरं बघायची. एक्झुमाच्या बेटांवर आहेत म्हणे. एका दिवसाच्या बोटीचा चौघांचा आकडा ऐकून नवऱ्याने जेवता जेवता चमचा खाली ठेवला. सासूबाईंना अजून काहीच सांगितलेलं नाही. साताऱ्याच्या घरामागे गटारात लोळायचं तेच त्यांचं डुक्कर. कुणी जाऊन आलंय का? चावतात का? बोट लागते का?

चुलीवरची_खिचडी:
वराहावताराचं दर्शन आहे म्हणून सांगा. नारळ घेऊनच बोटीत बसतील :)

टॅम्पाची_तायडी:
आम्ही दोन वर्षांपूर्वी जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बोटीचं. नासाऊपासून बिग मेजर के हे डुकरांचं बेट सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. स्पीडबोटीने दोन-अडीच तास जायला, तेवढेच यायला. आणि ही बोट चालत नाही, आपटते. माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी तासाभराने कवळी काढून खिशात ठेवली. सासूबाईंना कंबरेचं, मणक्याचं काही असेल तर बोट विसराच. स्टॅनियल के या शेजारच्या बेटापर्यंत छोटं विमान जातं, अर्ध्या-पाऊण तासात. तिथून डुकरं हाकेच्या अंतरावर. महाग आहे, पण माणसं धड पोचतात.

आता डुकरं. बेटावर माणूस राहत नाही. डुकरं आली कशी याच्या कथा भरपूर. कुणी म्हणतं खलाशांनी सोडली, कुणी म्हणतं जहाज फुटलं. मला पटते ती साधी कथा: शेजारच्या बेटावरच्या लोकांना वास नको होता, म्हणून त्यांनी ती पलीकडे नेऊन ठेवली. (आपल्याकडे सोसायटीची कचराकुंडी अशीच फिरते.)

बोटीचं इंजिन ऐकलं की ती पाण्यात उतरतात. प्रेमाने नाही, भुकेने. माझ्याकडे एक आलं, बादलीएवढं डोकं, गुलाबी कातडीवर काळे ठिपके, पापण्यांचे केस पांढरे. नाकपुड्या पाण्याच्या वर धरून फुर्र फुर्र करत सरळ पोटाशी. माझ्या हातात गाजराचा तुकडा होता, तो मी मूर्खासारखा पाठीमागे लपवला. डुक्कर वळसा घालून मागे गेलं आणि... एवढंच सांगते की परतीचे अडीच तास मी एका कुशीवर बसले. रक्त नाही आलं, निळं मात्र आठवडाभर होतं. कॅप्टन आधीच ओरडून सांगत होता की हातात काही नसेल तर दोन्ही पंजे उघडून दाखवा, त्यांना कळतं. खरंच कळतं. लेकीला हे घरी शिकवून न्या. पिल्लांना उचलायला जाऊ देऊ नका, आई जवळच असते.

वाळूत खाणं अजिबात टाकू नका. २०१७च्या फेब्रुवारीत तिथली बरीच डुकरं मेली, आणि पोटात वाळू निघाली. लोक किनाऱ्यावर फेकणार, ती वाळूसकट गिळणार.

आणखी एक, कुणी फोटोत दाखवत नाही ते. डुकरं पाण्यातच सगळं उरकतात. लेकीला तोंड मिटून ठेवायला सांगा.

पैसे वसूल झाले ते डुकरांमुळे नाहीच. पंधरा मिनिटांत पोरं कंटाळली. खरी मजा थंडरबॉल ग्रोटो नावाच्या गुहेत. ओहोटीला आत पोहत जायचं, वर छताला भोकं, त्यातून ऊन पाण्यात उतरतं आणि मासे अंगाभोवती. कंपास के नावाच्या बेटावर नर्स शार्क आहेत, धक्क्याशी गुडघाभर पाण्यात. पाठीवरून हात फिरवला तर पॉलिश पेपर. तुमची ट्रिप तिथे थांबते का ते बुकिंगआधी विचारा.

कोकणातला_पाहुणा:
अंदमानात हॅवलॉकला राजन हत्ती होता, समुद्रात पोहायचा. आम्ही २०११ला त्याला राधानगर किनाऱ्यावर चालताना पाहिलं, पोहणं हुकलं. लाकूडतोडीसाठी आणला होता त्याला. तेव्हा ओंडके ओढायला हत्ती एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जायचे. २०१६ला गेला बिचारा. निदान त्याला पोहायचं काम होतं, या डुकरांना नुसतं गिऱ्हाईक.

टॅम्पाची_तायडी:
@कोकणातला_पाहुणा, कामाचं सांगू नका. त्या डुकरांइतकं वेळेवर ड्यूटीवर येणारं मी ऑफिसात कुणी पाहिलं नाही.

मीठभाकर:
तायडी, खूप आभार. विमानाने जातोय, नवऱ्याला आकडा एका दमात सांगितला. सासूबाईंनाही सांगून टाकलं. त्या बराच वेळ गप्प. मग विचारलं, "गाजरं इथून न्यायची की तिकडे मिळतात?"