काळ्या मातीचे बैल वाळताना तडकतात. पाचवी-सहावीच्या लेकरांकडून त्रिमितीय वस्तू कशाच्या करून घ्याव्यात?

पूर्णाकाठ

नमस्कार. परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पाचवी-सहावी माझ्याकडे. फेब्रुवारीत केंद्रावर हस्तकलेचं प्रदर्शन आहे. यंदा मला भिंतीवर लावायची चित्रं नकोत. टेबलावर उभ्या राहतील, चारी बाजूंनी बघता येतील अशा वस्तू हव्यात. बाजारात तयार ज्वालामुखी, तयार सौरमाला मिळते. ज्यांना परवडतं ते पालक तीच आणतात आणि लेकराचं काम उरतं ते नावाची चिठ्ठी डकवण्यापुरतं. माझ्या वर्गातल्या बऱ्याच लेकरांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, लेकरं आजीपाशी आहेत. त्यांना दहा रुपयांचा घोटीव कागद आणा म्हणायचीही मला हिंमत होत नाही.

पोळ्याला शेतातल्या मातीचे बैल केले होते, पायांत काड्या घालून. वाळता वाळता पाय तडकले. एका मुलीनं चारही पाय मोडून टाकले, पोटाखाली माती थापली आणि म्हणाली, "मॅडम, माझा बैल रवंथ करायला बसलाय." तिचा एकटीचा टिकला! माती बदलू की पद्धत?

रिकामं खोकं

मी पालक आहे, लातूर. किराणा दुकानातून बिस्किटाची खोकी मागून आणा, फुकट मिळतात. थर्माकोलच्या वाटेला जाऊ नका. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि कापताना उडणारा भुसा लेकरांच्या नाकातोंडात जातो तो वेगळाच.

बालाघाट

ताई, मी चित्रकला शिक्षक होतो, नोकरी सगळी अंबाजोगाई भागात झाली. तुमचे बैल काडीनं तडकले. काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. आतली काडी काही आकसत नाही, मग वरची माती ताणली जाऊन फुटते. त्या पोरीनं काड्यांसकट पाय काढले, म्हणून तिचा बैल राहिला. तिला हे कारण जरूर सांगा.

आता काडी नको. पाय पोटाच्या गोळ्यातूनच ओढून काढायचे, आखूड आणि जाड. वशिंड, शिंगं जोडायचीच असतील तर दोन्ही बाजूंना काट्यानं ओरखडे मारा, मधे पातळ चिखल लावा आणि सांधा बोटानं पुसून एकजीव करा. काळी माती दोन वाट्या, चाळलेली राख किंवा बारीक वाळू एक वाटी, आणि भिजवून कुटलेला रद्दी कागद मूठभर. कागदाचे धागे माती धरून ठेवतात. मळलेला गोळा रात्रभर ओल्या फडक्यात ठेवा. वस्तू सावलीत वाळवा, वरून कापड टाकून. उन्हात ठेवली की बाहेरून कडक होते, आत ओल राहते आणि तिथूनच भेग जाते.

पण प्रदर्शन फेब्रुवारीत आहे तर मी मातीच्या आधी ज्वारीची धाटं हातात घेईन. कडबा घरोघर असतो. धाटाची साल आणि आतलं भेंड, या दोन गोष्टींत अख्खी बैलगाडी होते. खिळ्याच्या जागी बाभळीचा काटा, नाहीतर सालीचीच अणकुचीदार काडी.

चाक सगळ्यात अवघड, म्हणून तेच आधी करून घ्या. जाड भेंडाची गोल चकती हा तुंबा. सालीच्या सारख्या लांबीच्या काड्या चकतीच्या कडेत खोचायच्या, ते आरे. आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांना भेंडाचे बारके तुकडे बसवायचे आणि त्यांवरून सालीची लांब पट्टी वाकवून काट्यांनी टाचायची. वाळलेली साल वाकवताना कट्कन मोडते, म्हणून पट्ट्या आदल्या दिवशी पाण्यात घाला. आरे कमी-जास्त लांबीचे झाले की चाक लंगडतं, ते लेकराला आपोआप दिसतं, तुम्हाला सांगावं लागत नाही. एक जपा: साल ब्लेडसारखी कापते. पहिली सोलणी तुम्ही करून द्या, मोठ्या मुलांना टोक मोडून खाली ओढायला शिकवा.

नमुना करून समोर ठेवू नका. गावातली खरी गाडी बघायला न्या, आरे मोजायला लावा, जू आणि त्यातल्या खुंट्या, म्हणजे शिवळा, कशा बसतात ते हातानं चाचपू द्या. नमुना ठेवला की तीस गाड्या एकसारख्या होतात आणि त्यातली एकही लेकराची नसते.

माझ्या अटी दोनच असायच्या. वस्तू फुंकरीनं पडता कामा नये, आणि मागूनही पुरी झालेली पाहिजे. लेकरं घराला पुढून दार-खिडक्या काढतात, मागं कोरा पुठ्ठा. म्हणून प्रदर्शनात टेबलं भिंतीला लावू देऊ नका. खोलीच्या मधोमध मांडा, माणसं भोवती फिरली पाहिजेत. केंद्रावर ऐकलं नाही तर भांडा, पण हे करा.

सहल काढणार असाल तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आहे. तिथं सातवाहन काळातल्या मातीच्या बाहुल्या आहेत. पुढचा एक, मागचा एक, अशा दोन साच्यांत दाबून केलेल्या, काही आतून पोकळ. दोन हजार वर्षांमागच्या कारागिरानंही पाठ सोडलेली नाही. आणि वेरूळला गेलात तर 16 नंबरचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलंय हे लेकरांना वरच्या कड्यावर उभं करून दाखवा, कठड्याशी नीट हात धरून. परत आल्यावर अंगाच्या साबणाची वडी आणि बोथट चमचा द्या. वरून खाली कोरत यायचं, काढलेलं परत लावता येत नाही. मातीत भर घालत जायची सवय झालेल्या हाताला हा दुसराच अनुभव असतो.

कोन आणि कडा

गणिताचा शिक्षक, हिंगोली. सर म्हणतात ते भेंड आणि सालीच्या काड्या माझ्याही कामाच्या. कोपऱ्याला भेंडाचा तुकडा, कडेला काडी. घन केला की 8 कोपरे, 12 कडा, 6 पृष्ठं. मग त्रिकोणी सूची: 4 कोपरे, 6 कडा, 4 पृष्ठं. दोन्हीकडे कोपरे अधिक पृष्ठं वजा कडा केलं की 2 येतात. फळ्यावर न लिहिता लेकरांनाच शोधू द्या. घन हातात डुगडुगतो, सूची घट्ट राहते, कारण त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की आकार बदलता येत नाही. घराच्या छपराखालच्या कैच्या त्रिकोणी का असतात ते इथंच कळतं. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी हेच सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या घेऊन देशभरच्या शाळांत पोचवलं. आणि रिकामं खोकं यांना जोड: खोकं फाडायच्या आधी उलगडू द्या. घनाच्या घडण्या, म्हणजे उलगडून सपाट झालेले आकार, एकूण 11 प्रकारच्या निघतात. वर्गानं मिळून किती सापडतात बघा.

पूर्णाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. काडीचं कारण उद्याच सांगते तिला. धाटं गोळा करायला आजच निरोप दिला. एक राहिलं: सातवीची मुलं कागदाच्या लगद्याचे मुखवटे करायचं म्हणतायत. लगद्याला कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घाला असं एकानं सुचवलंय. घालू का?

बालाघाट

मुळीच नको ताई. मोरचूद विषारी असतं, लेकरं तोच हात तोंडात घालतात. मैद्याच्या खळीत मेथीची पूड घाला. चिकटपणाही येतो आणि कडूपणानं किडे लांब राहतात. लगदा पालथ्या मडक्यावर थापा, आधी मडक्याला गोडं तेल चोळा, नाहीतर सुटत नाही. थर पातळ द्या, पहिला वाळल्यावरच दुसरा. आणि कानामागून दोरी ओवायची भोकं ओलं असतानाच पाडून घ्या, वाळल्यावर पाडायला गेलं की कड फाटते.