विममध्ये फाईलचं नाव पुरं करायची कळ बदलायची आहे

खानापूरकर
लिनक्सवर टर्मिनलमधला विम (टेक्स्ट एडिटर). इन्सर्ट मोडमध्ये फाईलचं नाव पुरं करायला कंट्रोल-एक्स, मग कंट्रोल-एफ दाबावं लागतं. हे एका कळीवर आणायचंय. आणखी दोन अडचणी: 'मार्ग=' लिहून पुढे पाथ टाकला की काहीच सुचवत नाही. आणि फोल्डरमध्ये मराठी-कन्नड नावं आहेत; 'शेतक' टाकल्यावर 'शेतकऱ्यांची-यादी-निपाणी' येतं, पण 'शेतकऱ्' पर्यंत टाइप केलं की गायब. असं का ओ?

टिळकवाडी
विमआरसीत (विमच्या सेटिंगच्या फाईलीत) ही ओळ घाला:

इनोरिमॅप <सी-एफ> <सी-एक्स><सी-एफ>

यादी उघडल्यावर परत कंट्रोल-एफ दाबलं की पुढचं नाव येतं, कारण त्या अवस्थेत तिथे चालणाऱ्या कळींना मॅपिंग लागू होत नाही. म्हणून फोल्डरच्या आत शिरायचं तर आधी कंट्रोल-वाय दाबून नाव पक्कं करा, मग कंट्रोल-एफ. कंट्रोल-आय मात्र घेऊ नका. टर्मिनलला ती आणि टॅब एकच, टॅब हातचा जाईल.

'मार्ग='चं कारण 'आयएसएफनेम', म्हणजे फाईलनावात कोणती चिन्हं धरायची ते ठरवणारी सेटिंग. त्यात बरोबरचं चिन्ह मुळातच फाईलनावाचा भाग धरलेलं असतं, त्यामुळे विम 'मार्ग=' सकट नाव शोधतो. 'सेट आयएसएफनेम-==' केलं की झालं. (पहिलं '=' काढण्याच्या खुणेचं, दुसरं काढायचं चिन्ह.) देवनागरी-कन्नड अक्षरांसाठी तिथे काही करावं लागत नाही, २५५ च्या वरची सगळी अक्षरं धरलेलीच असतात.

नावं विम जिथे उभा आहे त्या डिरेक्टरीतून शोधली जातात, उघड्या फाईलच्या डिरेक्टरीतून नाही. ':एलसीडी %:पी:एच' दिलं की तेवढ्या विंडोपुरती ती बदलते.

चिकोडी_टाइप
'ऱ्'चं असं आहे बघा. तो दोन प्रकारे साठवला जातो: ऱ (युनिकोड ०९३१) अधिक हलन्त, नाहीतर साधा र (०९३०), हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण विम बाइट्स जुळवतो. फाईलचं नाव एका कीबोर्डवर टाइप झालंय, तुम्ही दुसऱ्यावर टाइप करताय. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या कीबोर्ड लेआउटवर शिफ्ट-जे ने ऱ येतो.

खात्री करायची तर 'शेतक' टाकून नाव पुरं करा, नॉर्मल मोडमध्ये कर्सर त्या अक्षरावर ठेवून 'जीए' दाबा. पहिला 'हेक्स' आकडा ०९३० दिसला तर नावात साधा र आहे. तशा फाईलचं नाव एकदा 'एमव्ही' कमांडने ऱ घालून बदलून टाका, नाहीतर 'शेतक'वरच थांबायची सवय लावा.

आणि इन्स्क्रिप्ट चालू असताना कंट्रोलच्या जोड्या विमपर्यंत पोचतीलच असं नाही. मराठी-कन्नड-इंग्रजी लेआउट सारखे बदलत असाल तर हेच मॅपिंग एफ६ वर ठेवा की. यादीत खाली-वर जायला कंट्रोल-एन ऐवजी बाणाच्या कळी.