थार जीपला एटी (ऑल-टेरेन, सगळीकडचा) टायर घालू का एमटी (मड-टेरेन, चिखलाचा)?

प्रश्न: मंडळी, टायरचं माप २४५/७५ आर१६. आठवडाभर कोल्हापुरात डांबरावर, रविवारी गगनबावड्याकडचे जांभ्याचे सडे (उघडी खडकाळ पठारं), पावसाळ्यात शेताची काळी माती. काय घालावं?

सडेवाला: एटीच घ्या. जांभ्याची धार ट्रेडपेक्षा (जमिनीला टेकणारा नक्षीचा भाग) साइडवॉल (टायरची बाजू) आधी फाडते, म्हणून साइडवॉलचे थर बघून घ्या, नुसती नक्षी नको. सड्यावर हवेचा दाब २२-२४ पीएसआयवर उतरवा.

काळीमाती: भावा, चिकट रानात एटीच्या खाचा दोन फेऱ्यांत भरतात, मग टायर गुळगुळीत. एमटीच्या रुंद खाचा चिखल फेकतात, पण चाक फिरतं ठेवलं तरच. हवा १८ पर्यंत उतरवा. त्याखाली जोरात वळवलं तर टायर रिम सोडतो.

सडेवाला: खरं आहे, पण गगनबावड्याच्या ओल्या करूळ घाटात एमटीचा ब्रेक लांब लागतो, आवाज वेगळाच. रान वर्षातून चारदा, घाट दर आठवड्याला!

घाटवाट: एटीच घ्या, सोबत १२ व्होल्टचा कंप्रेसर. डांबरावर येताच दारावरच्या स्टिकरवर लिहिलीय तितकी हवा भरा. कमी हवेत वेगानं पळवलं की साइडवॉल तापून आतून तुटते. स्टेपनीही त्याच मापाची, फोर बाय फोरला (चारही चाकं ओढतात तेव्हा) एका चाकाचा वेगळा घेर चालत नाही.