बायॲन्युअल आणि बायेनिअल: दोन्ही एकच का?

मिरजेहून प्रश्न:
आमच्या वाचनालयाच्या नियमावलीचं इंग्रजी करतोय. मूळ वाक्य: ‘पुस्तकांची मोजणी वर्षातून दोनदा होईल.’ बायॲन्युअल लिहू की बायेनिअल? अध्यक्ष म्हणतात दोन्ही सारखंच, कुठलंही टाका.

साताऱ्याहून उत्तर:
अध्यक्षांना आवरा! बायॲन्युअल म्हणजे वर्षातून दोनदा. बायेनिअल म्हणजे दोन वर्षांतून एकदा. राज्यसभेचे साधारण एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, त्या जागांची निवडणूक बायेनिअल. कांदाही बायेनिअलच: पहिल्या हंगामात गड्डा, तोच पुन्हा लावला की दांडा, फूल, बी. मी बियाणं विकतो, म्हणून हे पाठ. पेरेनिअल म्हणजे अनेक वर्षं जगणारं; ते म्हटलं की लोकांना दरवर्षी फुलणारं झाड वाटतं, तेही नेहमी खरं नसतं. आपल्या कासची टोपली कारवी वर्षानुवर्षं जगते, पण फुलते साधारण सात वर्षांनी. तुम्ही सरळ ‘हाफ-इयर्ली’ लिहा. बायॲन्युअल बरोबर असलं तरी निम्मे सभासद चुकीचंच वाचणार.

तासगावहून:
मग बायमंथली?

साताऱ्याहून:
तो तर कहरच. शब्दकोशात दोन्ही अर्थ आहेत, महिन्यातून दोनदा आणि दोन महिन्यांतून एकदा. रिझर्व्ह बँकेचं बायमंथली पतधोरण दोन महिन्यांनी येतं. पंधरवड्याचं काही असेल तर ‘फोर्टनाइटली’ लिहा, आपल्याकडे चालतं. अमेरिकेत पाठवायचं असेल तर मात्र ‘एव्हरी टू वीक्स’.