बॉनव्हिलसाठी टायर: वाय रेटिंग पुरेल का?

गॅरेजकर:
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मित्र एक जुनी कूपे (दोन दारांची गाडी) बॉनव्हिलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या युटामधल्या मिठाच्या मैदानावरच्या, स्पीड वीक या वेगाच्या स्पर्धेसाठी तयार करतोय. बॅलास्टसकट (मुद्दाम टाकलेल्या वजनासकट) गाडी साधारण १,५०० किलो, मागच्या चाकांना ताकद. लक्ष्य ताशी १७० मैल, म्हणजे २७४ किमी. टायर चारही वाय रेटिंगचे आहेत, दिसायला नव्यासारखे. वाय म्हणजे टायर ताशी ३०० किमीपर्यंत चालतो, मग भरपूर वाव आहे ना? एक मित्र म्हणतो मीठ ओलसर असतं, खोल नक्षीचे घ्या. दुसरा म्हणतो रेसिंगचेच घ्या. कुणाचं ऐकू?

खारा_मामा:
वाव कागदावर आहे. तुम्ही टायमिंग स्लिपवरचा, म्हणजे मोजणीच्या चिठ्ठीवरचा गाडीचा वेग धरलात, टायरला मात्र चाकाचा वेग सोसावा लागतो. मिठावर पकड डांबराच्या मानाने फार कमी, त्यामुळे मागची चाकं जोरात असताना सतत थोडी घसरतच फिरतात. दहा टक्के घसरण धरा: गाडी २७४ वर असताना मागचा टायर ३०१ वर. संपला तुमचा वाय! पुढच्या आणि मागच्या चाकांचे फेरे लॉगरवर (गाडीतल्या नोंदयंत्रावर) शेजारी शेजारी लावा, घसरण लगेच दिसते. मिठावर जाणाऱ्या प्रत्येक गाडीत मी आधी हाच आलेख मागतो, इंजिनाचं कौतुक नंतर.

आता भार. वाय टायर पूर्ण भार २७० किमीपर्यंतच पेलतो, ३०० ला ८५ टक्के. साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) लोड इंडेक्स, म्हणजे भार पेलण्याचा क्रमांक, ९५ असेल तर ६९० किलोचे ५८६ उरतात. तुमच्या वजनाला ते पुरतील. पण पकड मिळेना म्हणून मागे शिसं टाकत गेलात की हा हिशोब पुन्हा करायचा.

खोल नक्षी विसरा. चाकाची त्रिज्या ३३ सेंमी आणि वेग ३०० किमी धरला तर ट्रेडवरचा (जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या थरावरचा) एक ग्रॅम रबर दोन किलोहून जास्त ताकदीने बाहेर ओढला जातो. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. जाड ट्रेड म्हणजे जास्त वजन, जास्त उष्णता, आणि शेवटी ट्रेड सोलून निघणं. म्हणून लँड स्पीडच्या (जमिनीवरच्या वेगाच्या विक्रमांसाठीच्या) टायरवर रबराचा जेमतेम थर असतो. पाहणाऱ्याला वाटतं झिजलाय.

माझं मत: मागे लँड स्पीडसाठीच बनवलेले टायर, मिकी थॉम्पसन किंवा गुडइयरचे. पुढची चाकं घसरत नाहीत, तिथे चांगले वाय चालतील. तरी त्या वर्षीचं एससीटीएचं (स्पीड वीक भरवणाऱ्या संस्थेचं) नियमपुस्तक वाचून मगच पैसे द्या. तपासणीत माझं मत कुणी विचारणार नाही.

गिअरवेडा:
मामांशी सहमत. एक भर: रेसिंगचे बायस-प्लाय (आतले धागे तिरके असलेले) टायर घेतलेत तर वेगात टायर फुगतो, व्यास वाढतो. उभ्या गाडीवर मोजलेल्या घेरावरून डिफरन्शिअलचा (मागच्या अॅक्सलवरच्या गिअरचा) रेशो ठरवू नका, कंपनीकडून वेगातला घेर मागा.
(अवांतर: १९९७ साली थ्रस्ट एसएससी या जेट गाडीने ताशी ७६३ मैल गाठले तेव्हा रबराचं झंझटच नव्हतं, चाकं भरीव अॅल्युमिनियमची.)

गॅरेजकर:
घसरणीचा विचारच केला नव्हता. मागचे बदलतो. हवा किती ठेवू? आणि पुढे हेच 'नव्यासारखे' चालतील?

खारा_मामा:
नव्यासारखे म्हणजे किती सालचे? टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. ट्रेड शाबूत असला तरी आत रबर म्हातारं होतंच. कोड जुना निघाला तर ते टायर ट्रेलरला लावा.

हवा रस्त्यावरच्यापेक्षा बरीच जास्त लागते. कमी हवेत साइडवॉल जास्त वाकते, जमिनीवरून उठताना टायरमध्ये लाट उभी राहते आणि त्या लाटेत तो तापून फाटतो. आकडा मात्र टायर कंपनीचाच घ्या, माझा नको. कोरडा नायट्रोजन भरा.

व्हॉल्व्ह धातूचे, टोप्याही धातूच्या. रबरी व्हॉल्व्ह वेगात बाहेर वाकतो, आणि आतली पिन त्याच ओढीने उघडू शकते. तेव्हा हवा अडवायला ती टोपीच असते. प्लॅस्टिकची असेल तर आजच काढून टाका.